शिक्षा आधी, निकाल मागाहून!

न्यायाची रीत अशी की, आधी आरोप, मग पुरावा, मग निवाडा. आणि निवाड्यात दोष सिद्ध झाला तरच शिक्षा. शाळकरी पोरालाही समजणारा हा क्रम आपल्या तुरुंगांनी साफ उलटा केला आहे, आणि तो इतकी वर्षे उलटा राहिला आहे की आता कोणाच्या डोळ्यांना तो खुपतही नाही. सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा हिशेब पाहा. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० माणसे कोंडलेली होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. या गर्दीत न्यायालयाने दोषी ठरविलेले, म्हणजे तुरुंगाच्या भाषेत 'पक्के' कैदी, किती? अवघे १,३३,४१५! ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेलाच नाही असे 'कच्चे' कैदी होते ४,३४,३०२. पक्का कैदी एकही नसता, तरी केवळ कच्च्या कैद्यांनीच देशातील सगळे तुरुंग जवळजवळ काठोकाठ भरले असते!

या सर्वांनाच उद्या दार उघडून सोडा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. खून, बलात्कार, दरोडा यांचे आरोपी त्यांत आहेत. साक्षीदाराला धमकावणारे आहेत. त्यांना अडकवून ठेवण्याचा अधिकार न्यायालयाला असलाच पाहिजे. आमचा प्रश्न त्यांच्याविषयी नाही. ज्याला सोडण्यास हरकत नाही असे न्यायालयानेच लिहून दिले आहे, तो माणूस आत का, हा आमचा प्रश्न आहे.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस कोर्टाच्या आवारात काढावा. हुकूम होतो, पण हुकमापाठोपाठ जामीनदार लागतो, त्या जामीनदाराचा सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर वीतभर जमीन झाली नाही, त्याने हे आणायचे कोठून? पैसेवाला आरोपी रात्री घरी जेवतो. गवंडी, हमाल, ऊसतोड्या मात्र तसाच हुकूम उशाला घेऊन बराकीत पडून राहतो. एकच हुकूम, एकच कायदा. फरक काय तो खिशाचा!

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील मोतीराम या गरीब गवंड्याचे प्रकरण आले. त्याला जामिनावर सोडण्याचा हुकूम खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच दिलेला होता. खालच्या दंडाधिकाऱ्यांनी रक्कम ठरविली दहा हजार रुपये. आणि सख्खा भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला परत पाठविले! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर या प्रकाराने संतापले. केरळचा, कर्नाटकाचा, तमिळ वा आंध्र मुलुखातला माणूस रोजगारासाठी किंवा एखाद्या मोर्चासाठी दूर गेला आणि बस्तरमध्ये, पोर्ट ब्लेअरला, पहलगामला की चांदणी चौकात पकडला गेला, तर तेथे मालमत्ता असलेला जामीनदार तो कोठून आणणार, असे त्यांनी विचारले. परप्रांताचा जामीनदार नको, परभाषेतला अर्ज नको, असे कोणता कायदा सांगतो, असेही विचारले. मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा हुकूम झाला.

हे वाचताना सीमेवरच्या माणसाला आणखी स्पष्टीकरण लागू नये. घर चंदगड तालुक्यात, काम बेळगावात, सोयरीक निपाणीत, असा आमचा संसार. बेळगावात अटक झालेल्या मजुराचा भाऊ चंदगडचा सातबारा घेऊन आला, तर तो जिल्ह्याबाहेरचाच नव्हे, राज्याबाहेरचा ठरतो. आणि त्याचा उताराही दुसऱ्या भाषेतला! हिंडलग्याच्या भिंती आमच्या चळवळीला नव्या नाहीत. पण सत्याग्रह्यामागे गाव उभे असते, या मजुरामागे कोण आहे?

१९७८ मध्ये हा प्रश्न निकालात निघाला असेल, असे वाटेल. पण ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण आहे आणि न्यायालयांनी तशी अट घालू नये. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिन्याभरात मुचलका भरला गेला नाही तर न्यायालयाने आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा, असेही त्यात आहे. ४५ वर्षांनी तेच! मधल्या काळात किती मोतीराम कुजले, याचा हिशेब कोणी ठेवला?

'सोडला तर पळून जाईल', ही एक ठरावीक हाकाटी. कोण पळतो? बँका बुडवून विमानाने देशाबाहेर गेले ते गवंडी होते काय? ज्याची बायकापोरे पत्र्याच्या खोपटात त्याची वाट पाहत आहेत, तो पळून जाणार कोठे!

आणि या कायद्यातील खरी विपरीत गोष्ट पुढेच आहे. आरोपी अखेर दोषी ठरला, तर कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस त्याच्या शिक्षेतून वजा होतात. १९७३ च्या संहितेत ही तरतूद आली आणि नव्या संहितेतही ती कायम आहे, योग्यच आहे. परंतु जो निर्दोष सुटला त्याचे दिवस कशातून वजा करायचे? त्याला भरपाई देणारा कायदा विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात सुचविला. तो अद्याप कागदावर आहे. गुन्हेगाराचे दिवस सरकार मोजते, निरपराध्याचे मोजत नाही! म्हणूनच किरकोळ चोरीचा आरोपी कंटाळून न केलेला गुन्हा कबूल करतो: काढलेले दिवस शिक्षेत धरले जातात आणि घर तरी गाठता येते. बिहारच्या रुदुल साहला १९६८ साली निर्दोष ठरविले गेले आणि सोडले गेले १९८२ साली. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्याला ३५ हजार रुपये देवविले. चौदा वर्षांचे ३५ हजार! तरी ते देवविले, हेच त्या काळी मोठे मानले गेले.

या कच्च्या कैद्याला मतही देता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने तुरुंगात असलेल्याचा तो हक्क काढून घेतला आहे. त्याला निवडणूक मात्र लढविता येते. २०१३ मध्ये संसदेने तेवढी खबरदारी लगबगीने घेतली. उमेदवारांची काळजी वाहणाऱ्यांना मतदार कशाला आठवेल?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावे, असे ठरविले आहे. फाशी आणि जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. तुरुंगाधिकाऱ्यानेच तसा अर्ज न्यायालयात करायचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कैद्यांनाही हा लाभ दिला. चांगले झाले. पण त्याच कलमाच्या पोटात असेही लिहिले आहे की, एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. एका भांडणावर चार कलमे लावणे आमच्या पोलिसांना किती अवघड जाते, हे वाचकांना ठाऊक आहेच!

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिच्यावर आहेत. आमची मागणी साधी आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत असलेल्यांचा आणि एक तृतीयांश मुदत ओलांडलेल्यांचा आकडा या समितीने दर तीन महिन्यांनी कोर्टाच्या फलकावर लावावा, आणि तो कानडीत व मराठीत लावावा. शहरातील वकील मंडळींनी आठवड्यातील एक दुपार या कामाला द्यावी. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. तिचा अर्ज कोठे मिळतो, एवढे जरी कैद्याच्या बायकोला कोणी सांगितले, तरी पुढच्या तारखेच्या आत दहा-पाच माणसे घरी पोहोचतील.