पडणे मात्र खरेच असते

खेळ आणि तमाशा यांच्या सीमेवरचा एक व्यवसाय गेल्या दशकात पंजाबात रुजला आहे. ‘द ग्रेट खली’ या नावाने जगभर गाजलेले मल्ल दलीप सिंग राणा यांनी २०१५ साली जालंधर येथे ‘कॉन्टिनेन्टल रेसलिंग एन्टरटेन्मेंट’ ही संस्था काढली. एकीकडे कुस्तीचे जाहीर प्रयोग भरवायचे आणि दुसरीकडे त्यासाठी तरुण मल्ल घडवायचे, असे तिचे दुहेरी स्वरूप आहे.

अशा ‘नुरा’ कुस्तीची दखल कशाला घ्यायची, असे सुशिक्षितांना वाटते. निकाल आधीच ठरलेला असतो, हे खरेच आहे. परंतु पाठीवर कोसळणारे शरीर ठरवून हलके होत नाही. रिंगणाच्या कापडाखाली पातळ गादी असते आणि तिच्याखाली लाकडी फळ्या. हनुवटी छातीशी घेऊन, आघात पाठभर पसरवून पडायचे कसे, हाच या शाळेतला पहिला धडा होय. जय-पराजय लुटुपुटूचा असला, तरी श्रम आणि इजा खऱ्याच असतात. म्हणूनच हा मल्ल प्रथम श्रमिक आहे. कलावंत किंवा खेळाडू नंतर.

मल्लाला पोसणारा कोणी तरी लागतोच, हे महाराष्ट्राला सांगायला नको. कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. संस्थाने गेल्यावर साखर कारखाने, पोलीस आणि रेल्वे यांनी काही अंशी ती जागा भरून काढली. तेव्हाही खुराकाचा मोठा भार शेतकरी बापावरच पडे. परंतु यशस्वी मल्लाला निदान नोकरीची आशा असे. खुद्द राणा यांचे उदाहरण बोलके आहे. हिमाचलातील गरीब घरातला, मजुरी करणारा हा तरुण १९९३ मध्ये पंजाब पोलिसांत दाखल झाला. त्या सरकारी नोकरीच्या आधारावरच पुढची झेप शक्य झाली. आज अशा शाळांच्या दारी येणाऱ्या तरुणापाशी तो आधार नसतो. तो बहुधा स्वतःच फी भरून उमेदवारी विकत घेतो.

पदरात काय पडते? याच शाळेत शिकलेल्या हरियाणाच्या कविता देवी यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक मिळवले होते. २०१७ मध्ये त्या अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूईशी करारबद्ध झाल्या. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ग्रामीण मुलींच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे. पण २०२१ मध्ये तो करार संपला. या बलाढ्य कंपनीच्या करारात मल्ल नोकर नसून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. मालकाने मुखवटा, नाव आणि निकाल ठरवायचा. जोखमीच्या वेळी मात्र मल्ल स्वतंत्र!

ही जोखीम काल्पनिक नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्या शाळेत राणा स्वतः शिकत होते, तेथे सरावात डोक्याला दुखापत होऊन एक शिकाऊ मल्ल दगावला. २००५ मध्ये ज्यूरीने शाळेला जबाबदार धरून त्याच्या कुटुंबास १३ लाख डॉलरहून अधिक भरपाई देवविली. भरपाई मिळाली ती मृत्यूनंतर. त्याआधीच बोलू शकणारी संघटना असती, तर? जेसी व्हेंचुरा या मल्लाने १९८६ च्या सुमारास अमेरिकेत तसा प्रयत्न करून पाहिला. ही वार्ता हल्क होगन या सहकारी मल्लानेच मालकाच्या कानी घातली, हे पुढे न्यायालयीन जबानीत उघड झाले.

आपल्याकडे प्रश्न असा आहे की, या मल्लाची जबाबदारी कोणाची? हा ऑलिम्पिकचा खेळ नाही, म्हणून क्रीडा खाते अंग काढून घेऊ शकते. हा कारखाना नाही, म्हणून कामगार खाते. पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी चंदीगडच असल्याने दोन्ही सरकारांना एकत्र बसून नियम करणे अवघड नाही. प्रत्येक प्रयोगास लेखी करार व ठरलेला मेहनताना, शिकाऊंसह सर्वांना अपघात विमा, सरावाच्या जागी डॉक्टर आणि डोक्याला मार लागल्यास सक्तीची विश्रांती, या मागण्या अवाजवी म्हणता येणार नाहीत.

परंतु सरकार आपणहून हलेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये जंतरमंतरवर ठाण मांडून महिला कुस्तीगीरांनी दाखवून दिले की, आखाड्यातले बळ रस्त्यावर एकवटले म्हणजे सत्तेलाही दखल घ्यावी लागते. रिंगणात एकमेकांना उचलून आपटणारे हात एकमेकांना सावरण्यातही तितकेच तरबेज असतात. त्याशिवाय हा खेळ एक दिवसही चालणार नाही. तीच सवय रिंगणाबाहेर आणण्याची गरज आहे.