गोल्डफिंगरच्या तबेल्यात

फोर्ट नॉक्समधल्या सोन्याचं वजन किती, हा प्रश्न बाँडपटांनी एकदा खरोखर गांभीर्यानं घेतला होता. इयन फ्लेमिंगच्या १९५९च्या ‘गोल्डफिंगर’ कादंबरीत ऑरिक गोल्डफिंगर अमेरिकेच्या त्या तिजोरीतलं सोनं लुटायला निघतो. एवढं सोनं उचलणार कोण आणि भरणार किती वेळात, याचा हिशेब तिथं लागत नाही. १९६४मध्ये चित्रपट करताना रिचर्ड मेबॉम आणि पॉल डेन या पटकथाकारांनी वाचकाची ही शंका उचलून थेट बाँडच्याच तोंडी घातली. शॉन कॉनरी गोल्डफिंगरला सुनावतो, की १५ अब्ज डॉलरचं सोनं साडेदहा हजार टन भरतं आणि ६० माणसांना ते २०० ट्रकांत चढवायला १२ दिवस लागतील. गोल्डफिंगर शांतपणे सांगतो, की सोनं न्यायचंय कुणाला? तिजोरीत अणुबाँब फोडायचा, ५८ वर्षं त्या सोन्याला कुणी हात लावू शकणार नाही असं करायचं, की आपल्याजवळच्या सोन्याचा भाव आपोआप वाढतो.

बाँडचा आकडाही तसा कच्चाच आहे. त्या वेळी सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता आणि त्या भावानं १५ अब्जांचं सोनं १३ हजार टनांच्या वर जातं. पण त्यानं युक्तिवादाला धक्का लागत नाही, उलट बळच मिळतं. कादंबरीतलं भोक हेरून त्यातूनच खलनायकाची अधिक चलाख योजना काढणं, हे पटकथालेखनाचं फार सुंदर काम आहे आणि मी ते नेहमी मानत आले आहे.

त्याच चित्रपटातलं सगळ्यात मोठं भोक मात्र या लेखकांना दिसलं नाही. ते त्या काळच्या प्रेक्षकांनाही दिसलं नाही.

गोल्डफिंगरचा डाव बाँड उधळत नाही. तो चित्रपटाचा बराच काळ कैदेत असतो. डाव उधळते पुसी गॅलोर. ऑनर ब्लॅकमननं उभी केलेली ही बाई स्वतः विमान चालवते, महिला वैमानिकांचं अख्खं पथक सांभाळते आणि गोल्डफिंगरशी बरोबरीच्या नात्यानं व्यवहार करते. या कामाच्या पैशांतून बहामाजमध्ये एक लहानसं बेट घ्यायचं, असं तिनं ठरवलेलं आहे. तिच्या विमानांनी विषारी वायू फवारून फोर्ट नॉक्सचं सैन्य संपवायचं असतं. ऐनवेळी ती वायू बदलते, वॉशिंग्टनला खबर देते आणि सगळी बाजी उलटते. का? कारण त्याआधी गोल्डफिंगरच्या घोड्यांच्या तबेल्यात बाँडनं तिला गवतावर पाडलेलं असतं. ती नको म्हणते, झटते, त्याला ढकलते. तो तिला दाबून धरून चुंबन घेतो, तिचा प्रतिकार ओसरतो आणि दृश्य संपतं. यानंतर ती आपल्याला भेटते ती बाजू बदललेली. मधला विचार, शंका, भीती, निर्णय यांतलं काहीही पडद्यावर नाही. तिच्यातल्या मातृभावनेला साद घातली असावी, एवढं एक वाक्य बाँड बोलतो आणि विषय मिटतो.

बाँडपटांवर दोन प्रकारच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात. घटनांच्या तर्कातल्या चुका शोधणारे लोक एका बाजूला, आणि बायकांना या चित्रपटांनी कसं वागवलं याचा हिशेब मागणारे दुसऱ्या बाजूला. पहिले दुसऱ्यांना म्हणतात, तुम्ही आजची मोजपट्टी कालच्या सिनेमाला लावताय. माझं म्हणणं असं, की ‘गोल्डफिंगर’मध्ये या दोन्ही तक्रारी एकाच जागी येऊन मिळतात. पुसी गॅलोर का बदलली, याचं कारण लेखकांनी लिहिलं नाही, कारण त्यांना ते लिहायची गरजच वाटली नाही. बाँडची जबरदस्ती हेच पुरेसं कारण आहे, असं त्यांनी धरलं आणि प्रेक्षकांनीही धरलं. आज ती समजूत आपण टाकून दिली आहे. त्याबरोबर त्या कथेचा आधारच निघून गेला आणि तिथं उघडं भोक राहिलं. फिल्म तीच आहे, एक फ्रेमही बदललेली नाही. ज्यावर सगळा शेवट टेकला होता, ते मात्र आता कुणाला पटत नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘थंडरबॉल’मध्ये आरोग्यकेंद्रातल्या फिजिओथेरपिस्टला बाँड आपल्या गप्प राहण्याची किंमत मागतो. ते दृश्यही आज बघवत नाही. पण त्यावर कथानक उभं नसल्यानं ते कापलं तरी चित्रपट चालेल. तबेल्याचं दृश्य कापता येत नाही.

‘गोल्डफिंगर’मधली बाकीची भोकं मी आनंदानं माफ करते. ज्या गुंडांना मारूनच टाकायचंय त्यांना गोल्डफिंगर हलत्या देखाव्यासह संपूर्ण योजना समजावून सांगतो. अंगभर सोनेरी रंग फासल्यानं माणूस गुदमरून मरतो, असं चित्रपट सांगतो, खरं तर माणूस फुप्फुसांनी श्वास घेतो. हजारो सैनिक एकाच वेळी मेल्याचं नाटक करतात आणि अणुबाँब तिजोरीत पोचेपर्यंत उठतही नाहीत. यातलं काहीच मला टोचत नाही, कारण गोल्डफिंगर हा स्वतःच्या हुशारीवर लुब्ध झालेला माणूस आहे, त्याला ती कुणाला तरी दाखवायचीच आहे. त्याच्या स्वभावात ते बसतं.

हाच निकष घेऊन १९६९च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’कडे जाऊ. बाँडप्रेमींच्या गप्पांत ज्या भोकाचं नाव सगळ्यात आधी निघतं, ते इथलं. १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये खलनायक ब्लोफेल्ड आणि बाँड समोरासमोर आलेले आहेत. दोन वर्षांनी बाँड चष्मा लावून, सर हिलरी ब्रे हे नाव घेऊन ब्लोफेल्डच्या आल्प्समधल्या ठाण्यावर जातो आणि ब्लोफेल्ड त्याला ओळखत नाही. कारण साधं आहे. फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत ‘ऑन हर मॅजेस्टीज’ आधी येते, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ नंतर. चित्रपटांनी हा क्रम उलटा केला आणि दिग्दर्शक पीटर हंट मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहिला. त्यात बाँडही नवा, जॉर्ज लेझनबी, आणि ब्लोफेल्डही नवा, डोनाल्ड प्लेझन्सच्या जागी टेली सव्हालस.

एवढं ढळढळीत भोक असूनही हा चित्रपट वर्षागणिक वर चढत गेला. एकेकाळी लेझनबीचा फसलेला प्रयोग म्हणून तो बाजूला टाकला जाई. आज ख्रिस्तोफर नोलनसारखा दिग्दर्शक त्याला आपला सगळ्यात आवडता बाँडपट म्हणतो, आणि ‘इन्सेप्शन’मधल्या बर्फातल्या हल्ल्यावर त्याची छाप स्वच्छ दिसते. याचं श्रेय डायना रिगच्या ट्रेसीला आहे. ती बाँडवर का भाळते, तो तिच्याशी लग्न का करतो, हे चित्रपट सावकाश, वेळ देऊन दाखवतो. लग्नानंतर काही वेळातच ती गोळी लागून मरते आणि चित्रपट तिथंच थांबतो. हे पाहून उठणाऱ्या माणसाला ब्लोफेल्डनं बाँडला ओळखलं की नाही, याचं काय?

खरा घाव पुढच्या चित्रपटानं घातला. १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये कॉनरी परत आला. सुरुवातीला तो ब्लोफेल्डला जगभर शोधत फिरतो, पण का शोधतो, हे कुणी बोलत नाही. ट्रेसीचं नाव एकदाही निघत नाही. ब्लोफेल्ड सापडतो, दोघांत विनोदी चकमकी होतात, आणि ज्या माणसाच्या बायकोचा खून झाला, तो लास व्हेगासमध्ये मजेत हिंडतो. लेझनबीच्या चित्रपटाचं नाव काढायचं नाही, हा धंद्याचा निर्णय असेल. पण संपूर्ण मालिकेत मला याहून मोठी चूक सापडत नाही. भोकांच्या याद्यांत ती क्वचितच येते, कारण याद्या करणारे तारखा, गाड्या आणि चेहरे तपासतात. दुःख कुठं गेलं, हे कुणी तपासत नाही. त्या दुःखाची भरपाई व्हायला १९८१ उजाडावं लागलं. ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या आरंभी रॉजर मूर ट्रेसीच्या थडग्यावर फुलं ठेवतो, आणि पुढच्याच प्रसंगात चाकाच्या खुर्चीतल्या एका टकल्या माणसाला कारखान्याच्या धुराड्यात टाकतो. तो ब्लोफेल्डच, पण नाव घ्यायची सोय नव्हती. ‘थंडरबॉल’च्या हक्कांवरून केव्हिन मॅक्लोरीशी झालेल्या वादामुळं ब्लोफेल्ड आणि त्याची स्पेक्टर संघटना निर्मात्यांच्या हाताबाहेर गेली होती. ती परत मिळाली २०१३मध्ये.

आणि परत मिळाल्यावर काय केलं? २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये ब्लोफेल्ड हा बाँडचा मानलेला भाऊ निघतो. आपल्या बापानं अनाथ बाँडवर जास्त माया केली, म्हणून त्यानं बापाला मारलं आणि पुढं बाँडच्या प्रत्येक दुःखामागं आपणच होतो, असं तो सांगतो. तोवर प्रेक्षकांची आवड पुरती बदलली होती. ‘ॲव्हेंजर्स’नंतर प्रत्येक चित्रपट मागच्याला जोडलेला हवा, प्रत्येक धागा कुठं तरी बांधलेला हवा, अशी अपेक्षा सगळीकडं रुजली. आपल्याकडं पुढं टायगर आणि पठाण एकमेकांच्या चित्रपटांत येऊ लागले, ती हीच हवा. ‘स्पेक्टर’नं आधीच्या तीन चित्रपटांतल्या घटना ओढूनताणून एका माणसाच्या हातात दिल्या. नकाशावर सगळ्या रेषा जुळल्या आणि त्यांतल्या ‘स्कायफॉल’चं सत्त्व गेलं.

कारण ‘स्कायफॉल’मध्ये हावियेर बार्देमचा सिल्व्हा हा बाँडची वरिष्ठ एम, म्हणजे जूडी डेंच, हिचा माणूस होता. तिनं त्याला हाँगकाँगमध्ये चिन्यांच्या हवाली केलं, बदल्यात सहा हेर सोडवले. त्याचा राग फक्त तिच्यावर आहे, आणि तो समजतो. सिल्व्हाची योजना तर्काला मुळीच धरून नाही. आपण नेमके कधी पकडले जाऊ, बाँडचा तंत्रज्ञ क्यू त्याचा लॅपटॉप कधी जोडेल, बाँड भुयारात कुठं उभा असेल, हे सगळं त्याला आधीच ठाऊक असावं लागतं. शिवाय २००६च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये बाँडनं पत्त्यांत जिंकलेली ॲस्टन मार्टिन डाव्या बाजूच्या स्टीअरिंगची होती. ‘स्कायफॉल’मध्ये निघते ती उजव्या बाजूची, ‘गोल्डफिंगर’च्या नंबरची आणि सगळ्या करामतींसकट. तरी या चित्रपटानं जगभरात एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, बाँडपटांत पहिल्यांदाच. लोक मूर्ख होते म्हणून हे घडलं नाही. जूडी डेंच आणि बार्देम यांच्यातला हिशेब खरा होता.

बाँड हे नावच सांकेतिक आहे, प्रत्येक नट म्हणजे वेगळा माणूस, अशीही एक लाडकी उपपत्ती आहे. ‘स्कायफॉल’मधल्या बाँडच्या आईवडिलांच्या थडग्यानं तिला पूर्णविराम द्यायला हवा होता. मला ती आवडत नाही, कारण मग ट्रेसीच्या थडग्याशी उभा असलेला मूर परका ठरतो.

भारतीय प्रेक्षकासाठी परीक्षा आहे ती १९८३च्या ‘ऑक्टोपसी’ची. बाँड उदयपूरला जाताना वाटेत ताजमहाल दिसतो. विजय अमृतराज घाटावर पुंगीवर बाँडचीच धून वाजवून आपली ओळख पटवतो आणि पुढं रिक्षाच्या पाठलागात टेनिसची रॅकेट फिरवतो. ते आजही मला मनापासून आवडतं. आग्रा उदयपूरच्या वाटेवर नाही, पण त्यानं माझं काही बिघडत नाही. बिघडतं ते जुगारात जिंकलेले पैसे याच भारतीय सहकाऱ्याच्या हाती देताना बाँड ‘करी’ची चेष्टा करतो तिथं. कारण तो सहकारी गुप्तचर आहे, बाँडसाठी जीव धोक्यात घालतोय आणि पुढं खरोखर मारला जातो. तो मेल्यावर कथा क्षणभर थबकते आणि पुढं निघून जाते. उदयपूरच्या काही उपाहारगृहांत हा चित्रपट पर्यटकांना रोज संध्याकाळी दाखवला जात असे. शहरानं त्याला आपलं मानलं. विजयला मात्र चित्रपटानं आपलं मानलं नाही.

म्हणूनच ‘कसिनो रोयाल’ मला इतका मोलाचा वाटतो. पोकरची लाट होती म्हणून कादंबरीतला बॅकराचा डाव बदलून पोकर घेतला, ही सरळ काळाची आवड. शेवटच्या डावात एकाकडं फ्लश, दोघांकडं फुल हाउस आणि बाँडकडं स्ट्रेट फ्लश, असं कुठल्या टेबलावर घडेल? पण बाँडची प्रेयसी व्हेस्पर त्याला दगा देते, तेव्हा तिच्याजवळ कारण आहे. तिचा जुना प्रियकर ओलीस आहे, आणि बाँडचा जीव वाचावा म्हणून तिनं सौदा केलेला आहे. बाई बाजू बदलते, तेव्हा ती काय विचार करत होती, हे या मालिकेनं पहिल्यांदाच इतक्या नेटानं सांगितलं.

आता पुढचा प्रश्न दारात उभा आहे. २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये बाँड मेला, आणि श्रेयनामावलीच्या शेवटी ‘जेम्स बाँड परत येईल’ अशी नेहमीची पाटीही आली. २०२५मध्ये मालिकेची सर्जक सूत्रं ब्रॉकली कुटुंबाकडून ॲमेझॉनकडं गेली. दिग्दर्शक म्हणून देनी व्हिलनव आणि लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांची नावं जाहीर झाली. मेलेला माणूस परत कसा येणार, यावर आत्तापासून खल सुरू आहे. त्याचं एका ओळीचंही स्पष्टीकरण मला नको. पण या चित्रपटातल्या, डॅनियल क्रेगच्या बाँडला मुलगी होती, मातिल्ड, आणि शेवटच्या दृश्यात तिची आई मॅडलिन तिला तिच्या बापाची गोष्ट सांगू लागते. नव्या बाँडनं कॉनरीसारखं १९७१च्या मार्गानं यावं, तोच माणूस म्हणून हसत परतावं आणि त्या मुलीचं नावही निघू नये, हे मला चालणार नाही. २००६मध्ये केलं तसं करावं. दोन शून्यांचा परवाना नुकता मिळालेला, कुणावर अजून प्रेमही न केलेला तरुण घ्यावा आणि तिथून त्याची गोष्ट नव्यानं सांगावी.