‘सिन्स टू इयर्स’ आणि जालन्याचे अर्ज

१. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, औद्योगिक वसाहतीत सळयांचे कारखाने आहेत. तिथल्या नोकरीसाठी मुलं इंग्रजीत अर्ज लिहितात आणि तपासायला माझ्याकडे आणतात. परवा मंठ्याकडच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स.’ तिच्या मनातलं मराठी वाक्य चोख होतं: मी दोन वर्षांपासून काम करतेय. घोळ आहे तो ‘पासून’चा. आपण ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘२०२२पासून’ही म्हणतो. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द लागतात. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, केव्हा सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स’. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स’, पण ‘सिन्स २०२२’. तिला हे पाच मिनिटांत कळलं. शाळेच्या इतक्या वर्षांत ते कुणी मराठीशी ताडून दाखवलं नव्हतं.

२. ‘डिस्कस अबाउट’चंही तेच. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ हात धरून येतो. इंग्रजीत नुसतं ‘डिस्कस’ पुरतं. ‘माय फादर इज फार्मर’मधला ‘अ’ गळतो, कारण मराठीत त्या जागी काहीच नसतं. या चुका मराठी वळणाच्या आहेत, आळसाच्या नाहीत. त्यांवरून पोरांना कुणी हसलं की मला संताप येतो.

३. अर्जांतलं आणखी एक ठरलेलं वाक्य: ‘प्लीज डू द नीडफुल.’ व्याकरणात चूक नाही, पण काय हवंय ते कुठे आहे? अनुभवाचा दाखला हवा असेल तर तेच लिहावं, कोणत्या तारखेपर्यंत हवा तेही लिहावं.

४. सरकारी कचेरीत इंग्रजीचा हट्ट कशाला? मराठीला राजभाषा ठरवणारा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. तहसीलला, जिल्हा परिषदेला अर्ज मराठीतच द्यावा. इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं, ही समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांतही आहे आणि ती सोडायला हवी.

५. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली, तरी अर्जांतल्या चुका त्याच आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांनी वरच्या वर्गांना आठवड्यातून एक तास अर्जलेखनाला द्यावा. साचेबंद अर्ज पाठ करून घेऊ नयेत. फळ्यावर मराठी वाक्य आणि त्याशेजारी इंग्रजी वाक्य लिहावं. पहिल्या तासाला ‘पासून’ घ्यावं, दुसऱ्याला ‘विषयी’.