ईदचा उजाळा डबीत नाही

रमजानचा अखेरचा अशरा जवळ आला की वरणगावात कपडे, शेवया आणि सुकामेव्याबरोबर चेहऱ्याच्या क्रीमचीही खरेदी सुरू होते. दिवसभर पाणी नसल्याने ओठ सुकलेले, जागरणाने डोळ्यांखाली काळे पडलेले. ईदला मात्र चेहरा उजळ हवा. लग्नसराईत शेजारच्या घरीही हेच चालते, म्हणून विषय एकट्या रोजेदारांचा नाही.

झटपट गोरेपणाची किंमत काय असते, ते फार लांब नसलेल्या अकोल्यात दिसले. एकाच घरातल्या तिघी मायलेकींची मूत्रपिंडे बिघडल्याचे प्रकरण 2023 च्या सुरुवातीला समोर आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत फरक दिसतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि पुढे मूत्रपिंडात जातो.

त्वचेला जे लागते ते वरणगावच्या आठवडे बाजारात ढिगाने पडलेले असते. पेशी घडायला प्रथिने हवीत. ती हरभरे, शेंगदाणे, अंडी, दह्यात आहेत. मेथी, पालक, गाजराने त्वचा खरखरीत होत नाही. पेरू आणि लिंबातले क जीवनसत्त्व त्वचेचा ताण धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या कामी येते. केळीच्या मुलखात केळ्याची शिफारस काय करायची! पण इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे आणि लाल सरबत आधी संपते आणि फळांची थाळी तशीच राहते. एकादशीच्या तळलेल्या साबुदाणा वड्यांचेही तसेच. मैदा आणि साखरेने रक्तातली साखर झपाट्याने चढते. मुरुमांशी तिचा संबंध डॉक्टर सांगतात. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण मशिदीत दर रमजानला ऐकू येते आणि मगरिबच्या अजानीनंतर विसरली जाते.

पण खरी काळजी मुलींची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यातून आलेल्या फिकटपणाला कित्येक घरांत ‘रंग उजळला’ म्हणतात. जी दुपारपासून भजी तळते, ती सगळ्यांचे झाल्यावर जेवते. सहेरीला सगळ्यांत आधी उठते आणि उरलेली भाकरी चहात बुडवून रोजा धरते. जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. चहाऐवजी वाटीभर मसूर, त्यावर लिंबू, सोबत एक उकडलेले अंडे आणि दोन ग्लास पाणी तिच्या वाट्याला आले, तर महिनाभराचा खर्च एका क्रीमच्या डबीच्या फार पुढे जाणार नाही. फक्त तिचे ताट सगळ्यांबरोबर वाढायला हवे.