विश्लेषण : नवजाताची श्रवण-चाचणी आणि त्यानंतरची तुटलेली साखळी

नवी दिल्ली : दुभंगलेला ओठ किंवा वाकडे पाऊल प्रसूतिगृहातच नजरेस पडते, बहिरेपण मात्र दिसत नाही. ऐकू न येणारे बाळ इतर बाळांसारखेच रडते, हसते आणि पहिले काही महिने हुंकारही देते. त्यामुळे अनेक घरांत शंका येते ती मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही तेव्हा. तोवर भाषा आत्मसात करण्याचा अत्यंत मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय निकष सुस्पष्ट आहे : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ. भारतातील शासकीय व्यवस्था या निकषावर तपासल्यास योजनांचा अभाव आढळत नाही. उणीव आहे ती या तीन टप्प्यांना जोडणाऱ्या दुव्यांची.

बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. मात्र तिची रचना मुख्यतः निरीक्षणावर उभी आहे : प्रसूतीच्या ठिकाणी दृश्य व्यंगांची नोंद, घरी आशा सेविकेची भेट आणि पुढे अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारे वैद्यकीय पथक. यंत्राविना होणाऱ्या पाहणीतून बहिरेपण सहज निसटते.

यंत्राद्वारे होणारी प्राथमिक चाचणी अवघड नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात मंद ध्वनी सोडला जातो आणि अंतर्कर्णातील निरोगी पेशींकडून येणारा प्रतिसाद यंत्र टिपते. टोचणे नाही, भूल नाही. काही मिनिटांत काम होते. तथापि, जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानातील द्रवामुळे निरोगी बाळाच्या बाबतीतही कधी कधी प्रतिसाद मिळत नाही. म्हणून फेरतपासणी आवश्यक ठरते आणि साखळी तुटते ती नेमकी येथेच. अनेक कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी होते. चाचणीची नोंद त्या तालुक्यात राहते, बाळ काही आठवड्यांत सासरच्या गावी जाते आणि ‘पुन्हा या’ हा निरोप कागदावरच राहतो. निश्चित निदानासाठी लागणारी ‘बेरा’ चाचणी आणि श्रवणतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या शहरातच मिळतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांसाठी तर ‘बेरा’ टाळता येत नाही. दोष श्रवण-मज्जातंतूत असल्यास पहिली चाचणी फसवी ठरू शकते.

केरळने हे दुवे जोडण्याचा प्रयत्न केला आहे. तेथे शासकीय रुग्णालयांतील नवजातांच्या श्रवण-तपासणीसाठी ‘कातोरम’ आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी ‘श्रुतितरंगम’ असे दोन उपक्रम राज्य शासनच चालवते. केंद्राच्या योजनेतूनही श्रवणयंत्रे आणि इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामात मध्यवर्ती आहे. मात्र यंत्र बसवल्याने भाषा येत नाही. त्यानंतरचे वाचा-प्रशिक्षण आणि यंत्राची देखभाल यांचा भार दीर्घकाळ कुटुंबावर असतो. सांकेतिक भाषेचा मार्ग निवडला तरी प्रारंभ लवकर होणे तितकेच महत्त्वाचे असते.

प्रतिबंधालाही मोठा वाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार बालवयातील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात. गरोदरपणातील रुबेला संसर्ग हे त्यांपैकी एक कारण. भारतात २०१७ पासून गोवर-रुबेला लस दिली जात आहे.

साखळी जोडण्याचे साधनही लसीकरणातच उपलब्ध आहे. बाळ गाव बदलते, पण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींसाठी ते कोठे ना कोठे येतेच आणि माता-बाल संरक्षण कार्ड आईबरोबर असते. श्रवण-चाचणीचा निकाल त्या कार्डावर ठळक नोंदवून सहाव्या आठवड्यात फेरतपासणी झाली, तर चौदाव्या आठवड्यापर्यंत निदान आवाक्यात येते. त्यासाठी शासकीय अहवालांतील मोजमापही बदलावे लागेल. किती बाळे तपासली, याबरोबरच दोष आढळलेल्या किती बाळांना सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले, हा आकडा प्रत्येक जिल्ह्याने देणे गरजेचे आहे.