फ्लू होऊन गेला, आता लस कशाला?

ज्येष्ठ मंडळी हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याचे उत्तर एका जुन्या प्रयोगापासून शोधता येते.

१९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातील स्राव गाळून फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या नाकात सोडला. त्यांना ताप आला, शिंका सुरू झाल्या. काही दिवसांत ते बरेही झाले. पुढे तोच विषाणू पुन्हा दिला, तेव्हा मात्र ते आजारी पडले नाहीत. त्यांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार झाली होती.

आजारातून संरक्षण मिळते, हे खरेच. परंतु ते मुख्यतः ओळखीच्या विषाणूपुरते. १९४० मध्ये फ्लूचा ‘बी’ विषाणू सापडला आणि ‘ए’विरुद्धची प्रतिद्रव्ये त्याच्यापुढे निरुपयोगी ठरली. शिवाय हे विषाणू आपले बाह्यरूप सतत पालटतात, आणि प्रतिद्रव्येही कालांतराने ओसरतात. उतारवयात तर प्रतिकारशक्ती मुळातच मंदावलेली असते.

म्हणूनच फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू बळावतो. त्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शुश्रूषा करणाऱ्यांनीही लस घेणे हिताचे. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. वृद्धांना धाप लागली, ग्लानी आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर ताप नसला तरी विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.