पूररेषा कोण आखणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये हथनीकुंड बॅरेजमधून यमुनेत सव्वाआठ लाख क्युसेक्सहून अधिक पाणी सुटले, तेव्हा दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी नदीने २०६.६० मीटरची पातळी गाठली. जुलै २०२३ मध्ये विसर्ग सुमारे ३.६ लाख क्युसेक्स, म्हणजे निम्म्याहूनही कमी होता. पातळी मात्र २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला आणि पाणी लाल किल्ल्याच्या तटाशी येऊन ठेपले.

पाणी कमी आणि पूर मोठा, याचा दोष केवळ आभाळाला देता येत नाही. त्या आठवड्यात दिल्लीतही अतिवृष्टी झाली हे खरे. परंतु आयटीओ बॅरेजच्या ३२ दरवाजांपैकी पाच गाळात रुतून बसले होते, आणि साचलेला गाळ, पूल व काठावरील बांधकामे यांनी नदीची वाट अरुंद केली आहे. केंद्रीय जल आयोगाचा पूर-अंदाज येतो, त्यावरून वस्त्या हलविल्या जातात. शास्त्राला शासनदरबारी मान आहे तो एवढाच. जमिनीचा वापर ठरविताना त्याचा सल्ला सोयीने घेतला जातो.

राष्ट्रकुल क्रीडाग्रामाचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने २००५ मध्ये यमुनेच्या पूरक्षेत्रात कायमस्वरूपी निवासी बांधकामे नकोत, असे सुचविले होते. अक्षरधामलगतचा बांध झाल्यावर, २००८ मध्ये, याच संस्थेने ती जागा आता पूरक्षेत्रात नसल्याचे मत दिले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा मार्ग मोकळा केला. बांधाआड पाणी येत नाही, हे मान्य. पण अडलेले पाणी कोणाच्या दारी जाते, हे एका जागेपुरत्या अहवालात येत नाही. आणि शास्त्रज्ञांना कोणता प्रश्न विचारायचा, हे प्रशासन ठरविते.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा प्रमाण मानली. २५ वर्षांची रेषा घ्यावी की १०० वर्षांची, हा निर्णय अभियंत्याचा नव्हे. त्यात जमिनीचे भाव आहेत, वसाहतींची मते आहेत, म्हणून तो राजकीय आहे आणि उघडपणे व्हावयास हवा. अडचण अशी की, काठावरील जमीन मुख्यतः दिल्ली विकास प्राधिकरणाकडे, शहरातील पूरनियंत्रण दिल्ली सरकारकडे, आणि २०२३ च्या पुरावेळी आयटीओ बॅरेज होता हरियाणाकडे. संसदेत प्रश्न आला, तर तो जलशक्ती मंत्रालयाचा की नगरविकासाचा, इथूनच सुरुवात.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली बृहद्आराखड्याच्या मसुद्यात यमुनाकाठच्या ‘ओ’ विभागाचे दोन भाग सुचविले गेले: एक बांधकाममुक्त, दुसऱ्यात नियंत्रित विकास. हा मसुदा २०२३ च्या पुराआधीचा आहे. दोहोंमधील रेषा आखताना २०८.६६ मीटरची पातळी विचारात घेणार की नाही, हे नगरविकास मंत्रालयाने नकाशासह जाहीर करावे.